ओळखीला नाव हवे, मुदतही हवी

प्रश्न असा आला आहे: "मी एकोणतीस वर्षांची आहे, मूळची खानापूर तालुक्यातली, सध्या बेळगावात एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. घरी आम्ही मराठी बोलतो, आजी जपमाळ मात्र कोंकणीत सांगते. तीन वर्षांत अकरा स्थळे आली. काहींना मी नोकरी सोडून गोव्याला यावे असे वाटत होते, काहींच्या आईला आडनावापलीकडे काही विचारायचे नव्हते. अ‍ॅपवरचे मुलगे दोन महिने भरभरून बोलतात आणि एके दिवशी गप्प होतात. चर्चच्या युवक मंडळातल्या एकाने 'देवाची इच्छा अजून स्पष्ट होत नाही' म्हणत माझे एक वर्ष घालवले. आता जहाजावर असलेल्या एका मुलाशी आठ महिने बोलणे सुरू आहे. तो डिसेंबरात पाच आठवड्यांच्या सुट्टीवर येणार आहे, पण आमचे नेमके काय चालले आहे हे दोघांपैकी कोणीच बोललेले नाही. मला कॅथलिक, चर्चमध्ये मिस्साला (उपासनेला) जाणारा, निर्व्यसनी, पदवीधर, माझ्यापेक्षा जास्त पगाराचा, उंच, मराठी बोलणारा, बेळगावपासून फार लांब नसलेला आणि माझी नोकरी चालू देणारा नवरा हवा आहे. घरचे म्हणतात, अपेक्षा फार आहेत. खरेच तसे आहे का? आणि कॅथलिकच हवा, हा हट्ट सोडावा का?"

मी आणि माझे यजमान गेली बावीस वर्षे या भागातल्या लग्नपूर्व शिबिरांत जोडप्यांशी बोलत आलो आहोत. त्याआधी मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे आज शिबिरात समोर बसणाऱ्यांपैकी काही जण कधीकाळी माझ्याच वर्गात बसलेले असतात. तुमच्यासारखा प्रश्न गेल्या काही वर्षांत माझ्याकडे इतक्या वेळा आला आहे, की तो तुमचा एकटीचा दोष मानण्याचे कारण उरलेले नाही. अपेक्षांबद्दल मी पुढे सविस्तर लिहिते. त्याआधी अडचण कुठे आहे असे मला वाटते, ते सांगते.

आपल्याकडे लग्न जुळण्याच्या आज दोनच वाटा उरल्या आहेत. पहिली स्थळाची. मुलाकडचे रविवारी दुपारी कुंद्याचा डबा घेऊन येतात, पवित्र हृदयाच्या तसबिरीखालच्या सोफ्यावर बसतात, चहा होतो, कोणाचे मामा कोणत्या गावचे याचा धागा लागतो, आणि शेवटी कोणीतरी म्हणते, "पोरांना जरा बोलूदे की." मग दोघांना गच्चीवर पंधरा मिनिटे मिळतात. खाली परत येईपर्यंत घरच्यांना एकमेकांची सगळी माहिती झालेली असते आणि ज्यांनी संसार करायचा त्या दोघांना काहीच कळलेले नसते. दुसरी वाट मोबाइलची. तिथे दोघे रात्री दीडपर्यंत बोलतात, मनातले सगळे सांगतात, पण त्या बोलण्याला साक्षी कोणी नसतो, हेतू कोणी सांगितलेला नसतो, आणि उद्या एकाने उत्तर देणे बंद केले तर त्याला विचारणारेही कोणी नसते. पहिल्या वाटेवर बांधिलकी ओळखीच्या आधी येते, दुसऱ्या वाटेवर ओळख होते पण बांधिलकी येतच नाही. या दोन्हींच्या मध्ये एक जागा असायला हवी: घरच्यांना ठाऊक असलेली, हेतू स्पष्ट सांगितलेली आणि मुदत ठरलेली ओळख. ती जागा आपल्या समाजाने कधी तयारच केली नाही. तुमची अकरा स्थळे, गप्प झालेले मुलगे आणि वाया गेलेले एक वर्ष या सगळ्यांचे मूळ मला तिथे दिसते.

चर्चने मात्र ही जागा ओळखलेली आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली कुटुंबावर जे प्रबोधनपत्र लिहिले, त्यात लग्नाच्या तयारीचे तीन टप्पे सांगितले आहेत: लहानपणापासून घरात होणारी दूरची तयारी, योग्य वयात सुरू होणारी जवळची तयारी, आणि लग्न ठरल्यावर शेवटच्या महिन्यांतली लगतची तयारी. आपल्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, होते ती बहुतेक तिसरीच. शिबिराला जोडपे येते तेव्हा हॉल ठरलेला असतो, बँडला आगाऊ रक्कम दिलेली असते, रोसच्या (लग्नाआधी नारळाच्या रसाने न्हाऊ घालण्याच्या विधीच्या) दिवशीच्या साड्या घेऊन झालेल्या असतात. अशा वेळी मी एक प्रश्न नेहमी विचारते, "तुमच्या मुलांशी घरात कोणत्या भाषेत बोलणार?" आणि दोघे एकमेकांकडे बघू लागतात. एकदा एका मुलीने माझ्याच कागदाच्या कोपऱ्यावर लिहून मला हळूच दाखवले की मुले हवीत की नको हेदेखील त्यांचे अजून बोलणे झालेले नाही. लग्नाला तेवीस दिवस उरले होते. त्या टप्प्यावर शिबिराने काय करायचे? जे विचारायला हवे होते त्याची वेळ एक वर्ष आधीच येऊन गेलेली असते.

आता संख्येकडे पाहू, कारण निराशेचा मोठा भाग तिच्यातून येतो आणि तो स्वतःवर ओढवून घेऊ नये. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४७ लाख ८० हजार होती आणि त्यात सगळे ख्रिस्ती मिळून एक टक्काही नव्हते. समजा, एका धर्मग्रामात दोनशे कुटुंबे आहेत. त्यांतल्या प्रत्येक चौथ्या घरात पंचवीस ते तेहतीस वयाचा एक अविवाहित मुलगा आहे असे धरले, तरी पन्नास होतात. त्यांतून आखातात, जहाजावर, पुण्यात, बंगळुरात असलेले वजा करा. ज्यांचे आधीच कुठे ठरत आले आहे ते वजा करा. मग नात्यातले वजा करा, कारण आपल्या गावांत घराघरांत नाते निघते आणि चर्चच्या कायद्यात सख्ख्या चुलत, मामे किंवा आते भावंडांचे लग्न बिशपांच्या सवलतीशिवाय वैधच होत नाही. शेजारच्या मराठी आणि कन्नड घरांत मामाची मुलगी करून घेणे रीतीचे आहे, आपल्यात तसे नाही. उरतात दहा-बारा. त्यांतल्या सहांना तुम्ही पहिलीपासून ओळखता. म्हणजे "कोणीच मिळत नाही" हे तुमचे म्हणणे कुरकुर नसून बऱ्याच अंशी साधा हिशेब आहे. म्हणूनच शोध एका धर्मग्रामात बंद ठेवू नये असे मी आग्रहाने सांगते. धारवाड, हुबळी, लोंढ्यापलीकडचा गोवा, कारवार, इकडे चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर हा सगळा पट्टा आपलाच आहे, आणि नर्सच्या नोकरीला त्यांतल्या बहुतेक ठिकाणी वाव आहे.

पट्टा रुंद केला की भाषेचा प्रश्न येतो. या विषयावर आपल्या भागाबाहेरच्या सल्लागारांना फारसे सांगता येत नाही, म्हणून मी त्यावर जरा रेंगाळते. आपल्या घरात चार भाषा नांदतात. आजीची जपमाळ कोंकणीत, भांडण आणि लाड मराठीत, जमिनीचा उतारा आणि सरकारी कचेरी कन्नडमध्ये, शाळा आणि कॅम्पातल्या (छावणी भागातल्या) चर्चमधली मिस्सा इंग्रजीत. बाहेर भाषेवरून मोर्चे निघाले, बस अडवल्या गेल्या, तरी घरात त्याचा भार कोणी मानत नाही. लग्न ठरवताना मात्र तोच भार अचानक जाणवतो. मी पाहिलेल्या एका घरात सून हुबळीकडची, कन्नड माध्यमात शिकलेली, आणि सासरी सगळे मराठी. दोघेही भाविक, दोघेही समजूतदार. पहिल्या वर्षी तिचा सगळ्यांत मोठा त्रास हा होता की संध्याकाळी जपमाळेला सगळे गुडघे टेकून बसले की तिला 'नमो मरिये' त्या घराच्या वेगाने म्हणता येत नसे. ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही, आणि देवासमोरच आपण या घरच्या नाही असे तिला वाटायचे. सासूला ते दिसले तेव्हा त्या बाईंनी जपमाळेच्या पाच दशकांपैकी (दहा-दहा प्रार्थनांच्या भागांपैकी) एक सुनेने कन्नडमध्ये सांगायचे असे ठरवले. आज त्या घरातली दोन्ही मुले दोन्ही भाषांत जपमाळ म्हणतात. हे सांगण्याचे कारण एवढेच, की "मराठी बोलणारा" ही तुमची अपेक्षा मी हलकी मानत नाही. पण ती अशी विचारून पाहा: त्याने मराठी बोलावे एवढे तुम्हाला हवे आहे, की त्याच्या घरात तुमच्या भाषेला जागा असावी हे हवे आहे? दुसरे मिळाले तर पहिले कमी असले तरी चालते. पहिले असून दुसरे नसलेली घरेही मला ठाऊक आहेत.

उरलेल्या अपेक्षाही अशाच एकेक करून पाहाव्या लागतात. चर्चच्या दृष्टीने लग्न टिकण्यासाठी काही गोष्टी अटळ आहेत: दोघांची संमती मोकळी असावी, निष्ठा आणि आयुष्यभराची बांधिलकी मान्य असावी, अपत्यांना दार बंद नसावे, आणि एकमेकांचे भले करण्याची तयारी असावी. तुमच्या यादीतले निर्व्यसनी असणे आणि मिस्साला जाणे हे या गोष्टींच्या जवळचे आहे, तिथे तडजोड करू नका. फक्त "मिस्साला जातो" यावर थांबू नका. रविवारी दहाच्या मिस्साला शेवटच्या बाकामागे उभा राहून चाळीस मिनिटांत बाहेर पडणारा मुलगाही मिस्साला जातच असतो. तो घरी आजारी वडिलांशी कसा बोलतो आणि रागावल्यावर पुढच्या दोन दिवसांत काय करतो, हे पाहा. नोकरी चालू राहणे ही अपेक्षादेखील मी पहिल्या रांगेत ठेवते. तुमचे शिक्षण, तुमची रात्रपाळी, तुमच्या हाताने बरी झालेली माणसे यांना जो माणूस छंद समजतो, त्याला तुमची पुरती ओळख झालेली नाही.

पगार, पदवी आणि उंची यांबद्दल मात्र मला स्पष्ट लिहायचे आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत किंवा मशिन शॉपमध्ये काम करणारे, आयटीआय झालेले, बत्तीस-तेहतीस वर्षांचे कॅथलिक मुलगे माझ्याकडे येतात, आणि त्यांचे दुःख तुमच्याइतकेच खरे असते. एकाने मला सांगितले की मुलीकडच्यांनी त्याचे नाव विचारण्याआधी "गल्फचा व्हिसा आहे काय?" असे विचारले. आपल्या मुली नर्सिंग, बीएड, बीकॉम करून पुढे गेल्या, त्याचा मला अपार आनंद आहे. त्या वेगाने मुलगे पदव्यांपर्यंत पोचले नाहीत, पण हातात कसब आणि अंगात जबाबदारी असलेले कितीतरी मुलगे आहेत. "माझ्यापेक्षा जास्त पगार" ही अट लावली की तुमच्या दहा-बारांतले सात तिथल्या तिथे गळतात, आणि ते का गळले हे तुम्हाला कधी कळतही नाही. पगाराऐवजी कर्ज किती आहे, बचत होते का, घरी किती द्यावे लागते आणि पैशांचा हिशेब तो मोकळेपणाने दाखवतो का, हे विचारा. संसारात रोज उपयोगी पडते ते हे.

आडनाव विचारणाऱ्या आयांबद्दल फार लिहीत नाही. गोव्याहून येताना आपल्या पूर्वजांनी जातही सोबत आणली आणि ती आपण बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली नाही, ही लाजेची गोष्ट आहे. "मूळ कुठले?" हा प्रश्न ओळख वाढवण्यासाठी आहे की चाळण लावण्यासाठी आहे, हे दोन वाक्यांत कळते. चाळण असेल तर तिथून उठावे. देण्याघेण्याचेही तसेच. १९६१ पासून हुंडा हा गुन्हा आहे. "आम्हाला काही नको, मुलीला काय घालायचे ते घाला" हे त्याचेच सभ्य रूप आहे.

युवक मंडळातल्या त्या मुलाने देवाची इच्छा पुढे करून एक वर्ष घालवले, याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण हे वाक्य मी आता वारंवार ऐकते. लग्न हे पाचारण, म्हणजे देवाचे बोलावणे आहे, हे आपणच मुलांना शिकवले, आणि ते खरेच आहे. पण पाचारण ओळखणे म्हणजे आकाशातून चिठ्ठी येण्याची वाट पाहणे नव्हे. इटलीतल्या संत जान्ना बेरेत्ता मोल्ला डॉक्टर होत्या. ब्राझीलमध्ये मिशनरी असलेल्या भावाच्या मदतीला जावे असे त्यांना पुष्कळ दिवस वाटत होते, प्रकृतीमुळे ते जमले नाही. डिसेंबर १९५४ मध्ये इंजिनिअर असलेल्या पिएत्रो मोल्लांशी त्यांची ओळख वाढली, एप्रिल १९५५ मध्ये साखरपुडा झाला आणि २४ सप्टेंबर १९५५ रोजी लग्न. त्या वेळी त्या तेहतिशीला आल्या होत्या आणि पिएत्रो त्रेचाळीस वर्षांचे होते. वय निघून चालले आहे असे तुमच्या घरी कोणी म्हणाले तर हे वय सांगा. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे हे, की त्या दोघांनी प्रार्थना केली, बोलले, घरच्यांना कळवले आणि नऊ-दहा महिन्यांत लग्नापर्यंत पोचले. प्रार्थनेने माणूस निर्णय घेण्याइतका मोकळा होतो. जो वर्षभर प्रार्थनेचे नाव घेतो पण तुमच्या आईवडिलांना एकदाही भेटत नाही, तो देवाची इच्छा शोधत नसून स्वतःला "नाही" म्हणण्याच्या अवघडलेपणातून वाचवत असतो. बहुधा तो वाईट मुलगा नसेल. नाही कसे म्हणायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. आपल्याकडे नकार मध्यस्थाकडून कळवायची रीत, त्यामुळे मुलांना तो शब्द तोंडाने उच्चारण्याची सवयच नाही.

कॅथलिकच हवा हा हट्ट सोडावा का? तो हट्ट आहे असे मला वाटत नाही, ती तुमच्या श्रद्धेची साधी मागणी आहे आणि ती ठेवण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तरी पुढे कधी वेगळा प्रसंग आला तर चुकीच्या माहितीवर निर्णय होऊ नये म्हणून लिहिते. मुलगा प्रॉटेस्टंट असेल, म्हणजे बाप्तिस्मा झालेला असेल, तर धर्मप्रांताची (म्हणजे बिशपांच्या कचेरीची) परवानगी लागते आणि लग्न संस्कारच ठरते. मुलगा हिंदू किंवा अन्य धर्माचा असेल तर बिशपांकडून सवलत घ्यावी लागते, तिच्याशिवाय चर्चच्या लेखी ते लग्न वैध होत नाही. दोन्ही वेळा कॅथलिक पक्षाला आपली श्रद्धा जपण्याचे आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सगळे करण्याचे वचन द्यावे लागते, आणि ते वचन दिले आहे हे समोरच्याला माहीत असावे लागते. त्याने धर्म बदलावा अशी अट चर्च घालत नाही. ही गोष्ट आपल्याच कितीतरी घरांना ठाऊक नाही, आणि त्या गैरसमजापायी मी चांगली माणसे दुखावलेली आणि मुली गुपचूप घर सोडून गेलेल्या पाहिल्या आहेत. असा विचार मनात आला तर पहिल्याच महिन्यात आपल्या धर्मगुरूंना जाऊन भेटावे, सगळे ठरल्यावर नव्हे.

आता एक गोष्ट, जी सांगायला मला आजही जड जाते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः एक स्थळ सुचवले होते. मुलगी माझी विद्यार्थिनी, मुलगा ओळखीच्या घरचा. तो पितो अशी कुजबुज माझ्या कानावर होती. शुभकार्यात असे विचारू नये, म्हणून मी विचारले नाही. लग्नानंतर चौदा महिन्यांनी ती मुलगी माझ्या दारात उभी होती, अंगावर ड्युटीचाच पोशाख, हातात फक्त पर्स. त्यानंतर मी कुठल्याही घरात, कितीही अवघड वाटले तरी, दारूबद्दल, कर्जाबद्दल, आजाराबद्दल आणि आधीच्या नोंदणी लग्नाबद्दल तोंडावर विचारते. यात अभद्र काही नाही. संसाराला गंभीर तडा जाईल अशी गोष्ट संमती मिळवण्यासाठी मुद्दाम लपवली असेल, तर चर्चच्या कायद्यात ते लग्नच मुळात अवैध ठरू शकते, इतके हे महत्त्वाचे आहे. आणि पुढचा त्रास किती मोठा, तेही लक्षात घ्या: धर्मप्रांताच्या न्यायालयाने लग्न अवैध ठरवले तरी देशाच्या कायद्यात ते संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये हे स्पष्ट केले आहे. दिवाणी न्यायालयाची वाट वेगळी चालावीच लागते. त्या मुलीला दोन्ही वाटा चालाव्या लागल्या. साखरपुडा मोडला तर लोक काय म्हणतील, या भीतीने पुढे जाणाऱ्या मुलींना मी म्हणूनच सांगते की चर्च साखरपुड्यावरून कोणालाही लग्नाची सक्ती करत नाही. तो मोडायचा अधिकार शेवटच्या दिवसापर्यंत असतो.

शरीराच्या प्रश्नावर तुम्ही काही लिहिलेले नाही, पण सुट्टीचे पाच आठवडे समोर आहेत म्हणून लिहिते. "आता ठरल्यातच जमा आहे" या वाक्याने पुष्कळ मुलींना नको असलेल्या ठिकाणी नेले आहे. चर्च लग्नाआधी संयम सांगते, तो पाप-पुण्याच्या हिशेबापुरता नाही. जवळीक झाली की नाही म्हणणे दसपट कठीण होते, आणि ओळखीच्या काळात नाही म्हणता येणे हीच तर तुमची खरी ताकद असते. जो मुलगा इथे तुमचा शब्द मानतो, तो पुढेही मानील असे समजायला आधार मिळतो. जो रुसून बसतो, त्याच्याबद्दल तुम्हाला त्याच दिवशी पुष्कळ कळलेले असते.

आता जहाजावरचा मुलगा. आठ महिने बोलणे झाले, म्हणजे आवाज, विनोद आणि थकवा ओळखीचा झाला आहे. त्याचा वावर मात्र तुम्हाला ठाऊक नाही. सुट्टीवर आलेल्या मुलाचे पाच आठवडे कसे जातात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. पहिला आठवडा झोप आणि नातेवाईक, दुसरा जुने मित्र, मग नाताळ, आणि मधल्या मोकळ्या रविवारी आई तीन-चार घरी "सहज" घेऊन जाते. जानेवारीत तो परत जातो तेव्हा एकीला होकार दिलेला असतो, आणि बाकीच्यांना कारणही कळत नाही. म्हणून तो येण्याआधी, म्हणजे आताच, एकदा साधे बोलून घ्या. व्हिडिओ कॉलवर बोला, लिहून नको. त्याला सांगा की आपण आठ महिने बोलतो आहोत, मी हे लग्नाच्या विचाराने करते आहे, तुझाही तोच विचार असेल तर तू आल्यावर पहिल्या दहा दिवसांत माझ्या घरी ये आणि मी तुझ्या घरी येईन. आणि विचार नसेल तर आताच सांग, मला राग येणार नाही. हे मुलीने बोलावे का, अशी शंका तुमच्या आईला येईल. तिला सांगा, बोलले नाही म्हणून झालेले नुकसान तुम्ही एकदा पूर्ण वर्षभर सोसले आहे.

तो आला तर पाच आठवड्यांत किमान पाच वेळा भेटा, आणि प्रत्येक भेट वेगळ्या ठिकाणी असू द्या. एकदा त्याच्या घरी, तो आईच्या हातचे ताट उचलतो की ठेवून जातो हे दिसेल अशा वेळी. एकदा तुमच्या घरी, आजी जपमाळ सांगत असताना. एकदा कॅम्पात मिस्सानंतर चालत, कारण चालताना माणूस कमी सजवून बोलतो. एकदा तुमची रात्रपाळी संपल्यावर सकाळी, तुम्ही दमलेल्या असताना. आणि एकदा दोघांनी पैशांवर बोलायला, कागद-पेन घेऊन. बेळगावात कुठेही बसलात तरी संध्याकाळपर्यंत एखाद्या आंटीला कळणारच, तेव्हा दोन्ही घरच्या एकेका मोठ्या माणसाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे लपवण्याचा ताण राहणार नाही. त्याच्या कामाबद्दलही विचारा: करार किती महिन्यांचा, तुमच्या बाळंतपणात तो कुठे असेल, किती वर्षांनी किनाऱ्यावर यायचा विचार आहे. जहाजावरच्या नवऱ्याबरोबर चांगले संसार झालेले मी पाहिले आहेत, पण ज्या घरांत हे आकडे आधी बोलले गेले होते त्यांचेच.

शेवटच्या आठवड्यात त्याने होकार किंवा नकार द्यावा आणि तुम्हीही द्यावा, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. होकार आला तरी साखरपुडा त्याच सुट्टीत उरकू नका. तो परत गेल्यावरचे पहिले तीन महिने पाहा, घरच्यांनी एकमेकांकडे ये-जा सुरू ठेवावी, आणि धर्मगुरूंना दोघांनी मिळून कळवावे. नकार आला, तर तो तुम्हाला त्याच्याच तोंडून ऐकायला मिळेल, आणि फेब्रुवारीत चंदगडच्या किंवा धारवाडच्या कोणाशी बोलताना तुम्ही कोणाच्या मेसेजची वाट पाहत नसाल. त्या कॉलसाठी तुमची रात्रपाळी नसलेला दिवस निवडा, आणि बोलून झाल्यावर काय ठरले ते मला कळवा.